मोजणीतील देह आणि कथनातील देह
पर्यावरणीय आरोग्यसंशोधनातील लिंग-लिंगभावाचा प्रश्न आणि तीन साहित्यकृती

१

पर्यावरणीय आपत्तींवरील साहित्याचा विचार करताना समीक्षा सहसा एका विभागणीवर विसंबून राहते. आरोग्यसंशोधन आकडे देते आणि साहित्य त्या आकड्यांमागची माणसे दाखवते, अशी ती विभागणी होय. वरवर पाहता तिच्यात साहित्याचा गौरव आहे. वस्तुतः तीमुळे साहित्याकडे केवळ पूरक भूमिका येते. मोजणी आधीच झालेली असते आणि साहित्याने तिला चेहरा द्यायचा, एवढेच उरते. प्रस्तुत लेखात या विभागणीची तपासणी एका मर्यादित प्रश्नाच्या आधारे करावयाची आहे. विषारी पदार्थांचा माणसांवर होणारा परिणाम मोजताना 'स्त्री' आणि 'पुरुष' या कोटी कशा वापरल्या जातात, आणि त्याच आपत्तींवरील साहित्यकृती त्या कोटींचे काय करतात, हा तो प्रश्न.

यासाठी तीन भाषांतील तीन कृती निवडल्या आहेत. इशिमुरे मिचिको यांची मिनामाता येथील पाराविषबाधेवरील जपानी कृती 'कुगाई जोदो' (१९६९), लाउरा कोंती यांची सेवेसो येथील डायऑक्सिन-दुर्घटनेवरील इटालियन कादंबरी 'ऊना लेप्रे कोन ला फाच्चा दी बांबीना' (१९७८), आणि इंद्र सिन्हा यांची भोपाळच्या वायुकांडावर आधारलेली इंग्रजी कादंबरी 'ॲनिमल्स पीपल' (२००७). तिन्ही घटनांवर वैद्यकीय संशोधन विपुल झाले आहे. त्यामुळे मोजणी आणि कथन ही एकमेकांसमोर ठेवून वाचता येतात.

प्रथम शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. मराठीत 'लिंग' हा एकच शब्द व्याकरणातील कोटीसाठी, शरीरासाठी आणि अर्जातील रकान्यासाठी चालत आला आहे. स्त्रीवादी अभ्यासाने 'लिंगभाव' हा शब्द रुजवल्यावर शरीराची जैविक घडण आणि समाजाने त्या घडणीवर लादलेली कामे, बंधने व अपेक्षा यांत फरक करणे शक्य झाले. इटालियनमधील 'जेनेरे' हा शब्द व्याकरणातील लिंग, लिंगभाव आणि साहित्यप्रकार या तिन्ही अर्थांनी वापरला जातो. जपानीने 'जेंदा' हा शब्द इंग्रजीतून उसना घेतला, तर अर्जातील रकान्यासाठी 'सेइबेत्सु' हा जुना शब्द कायम राहिला. म्हणजे ज्या भेदाची संशोधनात गरज आहे तो भेद प्रत्येक भाषेत वेगळ्या ठिकाणी पडतो. भाषांतराचा हा परिचित प्रश्न संशोधनाच्या प्रश्नावलीत शिरला की त्याचे परिणाम केवळ भाषिक राहत नाहीत.

नॅन्सी क्रीगर यांनी २००३ साली साथरोगशास्त्राच्या संदर्भात हा भेद नेमकेपणाने मांडला. एखाद्या आजारात केवळ जैविक लिंग कारणीभूत असू शकते, केवळ लिंगभाव असू शकतो, दोन्ही असू शकतात किंवा दोन्ही नसूही शकतात. प्रत्येक वेळी हे वेगळे तपासावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. व्यवहारात मात्र बहुतेक अभ्यासांत स्त्री-पुरुष असा एकच रकाना असतो आणि विश्लेषणाच्या वेळी त्याचे 'समायोजन' केले जाते. म्हणजे स्त्री-पुरुषांतील फरकाचा परिणाम गणिताने वजा करून उरलेल्या आकड्याला प्रदूषणाचा परिणाम मानले जाते. तो फरक मुळात संप्रेरकांमुळे आला की चुलीपुढे बसण्यामुळे, हा प्रश्न वजाबाकीत नाहीसा होतो.

चुलीचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत केलेल्या आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूर मोजण्याचे उपकरण स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर लावले होते. स्वयंपाकाच्या वेळात त्यांच्या श्वासात येणाऱ्या हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम कण आढळले. गावातील मोकळ्या हवेत उपकरण ठेवून हा आकडा मिळाला नसता. येथे लिंगभावासाठी वेगळा रकाना नव्हता. तथापि उपकरण कोणाच्या अंगावर ठेवायचे या निर्णयातच तो मोजला गेला. मोजणीतील लिंगभाव बहुधा असा, रकान्याच्या बाहेर, पद्धतीत असतो. पुढील तिन्ही उदाहरणांत हे लक्षात ठेवावे लागेल.

२

मिनामाता येथील रोगाची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात सोडलेला सेंद्रिय पारा माशांत आणि माशांतून कोळी कुटुंबांत पोहोचला होता. मासे न खाल्लेली अर्भके मात्र या रोगाची रुग्ण मानली जात नव्हती. त्यांच्या आजाराला मेंदूच्या पक्षाघाताचे नाव दिले जाई. वार गर्भाचे विषापासून रक्षण करते, ही त्या काळची प्रचलित वैद्यकीय समजूत होती. डॉक्टर हारादा मासाझुमी यांनी पुढे सांगितलेली हकिकत या दृष्टीने महत्त्वाची आहे. दोन आजारी भावांपैकी थोरल्याला मिनामाता रोगाचा आणि धाकट्याला वेगळ्या आजाराचा रुग्ण ठरवले होते. त्यांच्या आईचे म्हणणे असे, की मासे मी खाल्ले, तेव्हा दोघांचा आजार एकच. जन्मजात मिनामाता रोगाला १९६२ साली मान्यता मिळाली.

या हकिकतीत स्त्रीचे म्हणणे पुराव्याच्या आधी आले. पुढे पुरावाही स्त्रियांनी सांभाळलेल्या वस्तूतूनच मिळाला. बाळाची वाळलेली नाळ लहानशा डबीत जपून ठेवण्याची जपानी कुटुंबांत रीत आहे. निशिगाकी आणि हारादा यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अशा नाळांमधील पारा मोजला. ज्या वर्षांत कोणीही रक्त वा केस तपासले नव्हते त्या वर्षांची नोंद घराघरांतील डब्यांमध्ये शिल्लक होती. प्रयोगशाळेने तिला नमुना म्हटले. घराच्या लेखी ती आठवण होती. जतनाचे हे काम लिंगभावाचे, आणि त्यातून मोजले गेले ते गर्भातील देहाचे विष.

इशिमुरे यांच्या कृतीचे वैशिष्ट्य या पार्श्वभूमीवर उमगते. 'कुगाई जोदो' या शीर्षकात दुःखाचा समुद्र आणि बौद्ध परंपरेतील शुद्धभूमी एकत्र आल्या आहेत. कृतीत वैद्यकीय अहवाल, नोंदी आणि रुग्णांची बोली शेजारी शेजारी येतात. युकी या कोळिणीचे निवेदन असलेले प्रकरण त्यांत मध्यवर्ती मानावे लागेल. रुग्णालयात थरथरत्या हातांनी पडून असलेली युकी आपल्या देहाचे वर्णन करते ते नाव वल्हवणारा देह म्हणून. नवऱ्याबरोबर समुद्रावर जाणे, वल्ह्याचा ताल, जाळे ओढणे हे सारे तिच्या हातांतून गेले आहे. तिच्या दुःखाचे परिमाण मातृत्व नसून काम आहे. अहवालातील 'स्त्री, कोळी कुटुंब' या नोंदीत हे काम दिसत नाही, कारण 'कोळी' हा शब्द आपोआप पुरुषाकडे जातो आणि स्त्री त्या कुटुंबाची सदस्य तेवढी उरते. ती स्वतः मासेमारी करत होती, त्यामुळे तिचे अन्न आणि तिचा विषाशी आलेला संबंध घरात बसणाऱ्या स्त्रीपेक्षा वेगळा असणार, ही गोष्ट कथनातून कळते.

हे निवेदन शब्दशः टिपून घेतलेले नाही, हे समीक्षक वातानाबे क्योजी यांनी दाखवून दिले आहे. रुग्णाच्या मनात जे असावे ते लेखिकेने शब्दांत आणले. म्हणून या कृतीला साक्ष म्हणावे की कादंबरी, हा साहित्यप्रकाराचा प्रश्न सतत चर्चिला गेला. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने त्याचे उत्तर असे देता येईल. रकान्यात न मावणारा अनुभव नोंदवायचा तर नोंदीचा प्रकारच बदलावा लागतो, आणि इशिमुरे यांनी तो बदलला.

मिनामाताविषयी आणखी एक आकडा उपलब्ध आहे. साकामोतो आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले, की १९५५ ते १९५९ या तीव्र प्रदूषणाच्या काळात तेथे जन्मलेल्या मुलग्यांचे प्रमाण घटले आणि मृत जन्मलेल्यांत मुलग्यांचे प्रमाण वाढले. पुरुषगर्भ विषाला अधिक बळी पडला, असा याचा अर्थ लावला जातो. हा शुद्ध जैविक लिंगाचा परिणाम होय, आणि त्यासाठी कोणालाही प्रश्न विचारावा लागला नाही. जन्म-मृत्यूची दप्तरे पुरली. जन्मलेल्या मुलांची गणना असे माप पुढील दोन्ही ठिकाणी पुन्हा भेटते.

३

१० जुलै १९७६ रोजी इटलीतील मेदा येथील इक्मेसा कारखान्यातून डायऑक्सिनचा ढग बाहेर पडला आणि शेजारच्या सेवेसो गावावर पसरला. डायऑक्सिनमुळे गर्भात व्यंग येईल या भीतीने गर्भवती स्त्रियांचा प्रश्न तत्काळ राष्ट्रीय वादाचा विषय झाला. इटलीत गर्भपाताला परवानगी देणारा सर्वसाधारण कायदा १९७८ साली आला. त्याआधीच सेवेसोतील स्त्रियांना वैद्यकीय कारणासाठी गर्भपाताची मुभा देण्यात आली. चर्चचा विरोध, स्त्री-संघटनांचा आग्रह आणि डॉक्टरांची अनिश्चितता यांच्या मध्ये त्या स्त्रिया सापडल्या. दुर्घटनेचा आरोग्यविषयक अर्थ बराच काळ गर्भाशयाच्या प्रश्नाशी जोडला गेला.

कोंती स्वतः डॉक्टर आणि लोम्बार्दीच्या प्रादेशिक विधिमंडळाच्या सदस्य होत्या; १९७७ साली त्यांनी सेवेसोवर एक वैचारिक पुस्तकही लिहिले होते. तरीही पुढच्याच वर्षी त्यांनी कादंबरी लिहिली आणि तिचे निवेदन बारा वर्षांच्या आसपासच्या मुलाकडे दिले. मार्को हा तेथील रहिवासी कुटुंबातला, तर त्याची मैत्रीण सारा दक्षिणेतून कामासाठी आलेल्या कुटुंबातली. प्रौढांचे दबक्या आवाजातील बोलणे त्याच्या कानावर पडते, पण पूर्ण कळत नाही. गर्भपातावरच्या वादाचे सारे शब्द माहीत असलेल्या लेखिकेने ते शब्द नसलेला निवेदक निवडावा, यात एक भूमिका आहे. त्यामुळे वाद बाजूला राहतो आणि विष वयात येणाऱ्या मुलामुलींच्या जगात शिरताना दिसते.

शीर्षकाचा मराठी अनुवाद करताना हा प्रश्न ठळक होतो. 'बांबीना' म्हणजे लहान मुलगी. शीर्षक होईल 'मुलीच्या चेहऱ्याचा ससा'. मराठीत 'मूल' हा नपुंसकलिंगी शब्द उपलब्ध असल्याने 'मुलाच्या' किंवा 'बाळाच्या' असे सैल भाषांतर करण्याचा मोह होतो, पण त्यात मूळ शब्दाने निश्चित केलेले लिंग पुसले जाते. विषाने मेलेल्या प्राण्याला जो चेहरा दिला आहे तो मुलीचा आहे.

आता संशोधनाकडे वळावे. सेवेसोतील रहिवाशांचे रक्ताचे नमुने १९७६ साली गोठवून ठेवले होते आणि पुढे त्यांतील डायऑक्सिन मोजता आले. मोकारेल्ली आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली असे दाखवले, की सर्वाधिक बाधित विभागातील पालकांना १९७७ ते १९८४ या काळात २६ मुलगे आणि ४८ मुली झाल्या. २००० साली त्यांनी पुढचा निष्कर्ष मांडला. हा कल बापाच्या रक्तातील डायऑक्सिनशी निगडित होता, आणि दुर्घटनेच्या वेळी १९ वर्षांच्या आतील मुलग्यांत तो विशेष प्रकर्षाने दिसला.

या निष्कर्षाचे साहित्यिक महत्त्व अद्याप पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. सेवेसोचा सार्वजनिक वाद आणि त्यावरचे बरेचसे लेखन आईच्या देहाभोवती फिरत राहिले. विषाचा वारसा आईकडून येतो हे गृहीत धरले गेले. आकड्याने मात्र बाप, तोही त्या वेळी वयात येत असलेला मुलगा, समोर आणला. कोंती यांना १९७८ साली हा निष्कर्ष ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही त्यांच्या कादंबरीचा निवेदक नेमका त्या वयाचा मुलगा आहे. यात लेखिकेचे भाकीत शोधणे अयोग्य ठरेल. एवढे मात्र म्हणता येते, की गर्भाशयाच्या वादातून बाहेर पडण्यासाठी निवडलेला निवेदक, वैज्ञानिक दृष्ट्याही, त्या वादाने दुर्लक्षिलेल्या देहाचा निघाला. आज ही कादंबरी वाचताना मार्कोचा देह केवळ साक्षीदाराचा राहत नाही.

४

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री मिथाइल आयसोसायनेटची गळती झाली. दया वर्मा यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्या वेळी गर्भवती असलेल्या ८६५ स्त्रियांपैकी सुमारे ४३ टक्क्यांच्या बाबतीत जिवंत मूल जन्माला आले नाही. जन्मलेल्या ४८६ बालकांपैकी १४ टक्के पहिल्या तीस दिवसांत दगावली. हा आकडा योग्य कारणाने प्रसिद्ध झाला. पण गर्भवती नसलेल्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न त्यात येत नाही. महाराष्ट्रातील डॉ. राणी बंग यांनी १९८५ साली भोपाळमध्ये स्त्रियांची तपासणी केली आणि अंगावरून पांढरे जाणे, पाळीतील अतिरक्तस्राव, ओटीपोटातील दाह यांचे मोठे प्रमाण समोर आणले. मेडिको फ्रेंड सर्कलने त्याच वर्षी पाहणी केली आणि १९९० साली 'डिस्टॉर्टेड लाइव्ह्ज' हा स्त्रियांच्या प्रजननआरोग्यावरील अहवाल काढला. विषारी वायूचा परिणाम म्हणजे फुप्फुसे आणि डोळे, या समजुतीत या तक्रारींना जागा नव्हती.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला त्यानुसार ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधीही तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. म्हणजे जेथे वायू नव्हता तेथेही हे आजार सार्वत्रिक होते. मग भोपाळमधील आजार वायूचे की उपेक्षेचे? कंपनी वा शासन यांच्या बाजूने असे म्हणता येते की गरीब स्त्रियांना हे आजार असतातच. या युक्तिवादाचे खंडन केवळ दुःखाच्या वर्णनाने होत नाही. बाधित आणि अबाधित वस्त्यांतील स्त्रियांची सारखीच तपासणी करावी लागते. परंतु अशी तुलना कठीण झाली ती आधीच्या उपेक्षेमुळे, कारण स्त्रियांचे सामान्य आरोग्य कोणी मोजलेलेच नव्हते. लिंगभाव येथे आजाराच्या कारणात आहे तसाच पुराव्याच्या अभावातही आहे.

जन्मप्रमाणाचे मापही भोपाळला लावले गेले. मॅककॉर्ड आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासानुसार दुर्घटनास्थळापासून १०० किलोमीटरच्या आतील मातांच्या मुलांत मुलग्यांचे प्रमाण १९८१-८४ मधील ६४ टक्क्यांवरून १९८५ साली ६० टक्क्यांवर आले. मिनामाताप्रमाणेच पुरुषगर्भाची हानी असा त्याचा अर्थ लावला आहे. पण ६४ हा मूळ आकडाच निसर्गातील सुमारे ५१ टक्क्यांहून कितीतरी वर आहे. मुलींच्या जन्माचे विस्मरण, त्यांची नोंद न सांगणे किंवा अन्य काही, यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती हे प्रमाण सांगत नाही. भारतात शून्य ते सहा वयोगटातील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४५ होती ती २००१ साली ९२७ झाली. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा पहिला राज्य कायदा महाराष्ट्राला १९८८ सालीच करावा लागला होता. मिनामातात जैविक वाटणारे माप भारतात आल्यावर समाजाच्या इच्छांनी आधीच वाकलेले असते. माप तेच राहिले, त्याचा अर्थ बदलला. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये.

'ॲनिमल्स पीपल'मध्ये मोजणीविषयीचा संशय कथानकाचा भाग आहे. खौफपूर या कल्पित शहरात एली ही अमेरिकन डॉक्टर मोफत दवाखाना उघडते आणि वस्तीतील लोक त्यावर बहिष्कार टाकतात, कारण गोळा होणारी माहिती कंपनीच्या उपयोगासाठी असेल अशी त्यांना शंका आहे. रुग्ण होणे म्हणजे कोणाच्या तरी तक्त्यात जाणे, हे या लोकांना अनुभवाने कळले आहे. निवेदक ॲनिमल चार पायांवर चालतो आणि ध्वनिफितीवर आपली गोष्ट सांगतो. त्याचे निवेदन वासना, लाज आणि विनोद यांनी भरलेले आहे. भोपाळविषयीच्या संशोधनात बाधित पुरुषाचे लैंगिक जीवन क्वचितच येते. ते या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे.

आईच्या प्रतिमेचेही सिन्हा यांनी दोन भाग केले आहेत. बरणीत जतन केलेला दुमुखी गर्भ ॲनिमलशी बोलतो. तो जन्मलाच नाही, म्हणून कोणत्याही जन्मनोंदीत तो येणार नाही. दुसरीकडे ॲनिमलला वाढवणारी मा फ्रान्सी ही फ्रेंच जोगीण आहे. त्या रात्रीनंतर तिला फ्रेंचखेरीज अन्य भाषा कळेनाशी झाली. तिचे आईपण गर्भाशयाचे नाही, सांभाळण्याचे आहे. आणि तिची इजा फुप्फुसाची नाही, भाषेची आहे. आरोग्यसंशोधनाच्या कोणत्याही रकान्यात ती 'बाधित माता' ठरणार नाही.

५

या तीन वाचनांतून साहित्याची बाजू पूर्णतः निर्दोष ठरत नाही. युजीन स्मिथ यांनी १९७१ साली मिनामातात घेतलेले, बाधित मुलीला न्हाऊ घालणाऱ्या आईचे छायाचित्र जगभर गेले आणि पाश्चात्त्य प्रेक्षकांनी ते ख्रिस्ताचे शव मांडीवर घेतलेल्या मेरीच्या शिल्पपरंपरेत वाचले. पुढे कुटुंबाच्या भावनांचा मान राखून ते प्रसिद्धीतून मागे घेण्यात आले. शोकमग्न माता ही प्रतिमा किती सहज प्रवास करते आणि तिच्या प्रवासात युकीसारखी वल्हे मारणारी स्त्री किती मागे पडते, हे त्यावरून कळते. आपत्तीविषयक साहित्याची समीक्षाही या प्रतिमेवर अनेकदा समाधान मानते. संशोधनाने स्त्रीला गर्भाशयापुरते पाहिले असा आरोप करताना समीक्षेने तिला मांडीपुरते पाहिले, तर फरक फारसा राहत नाही.

उलट, जेथे साहित्य या प्रतिमेपासून दूर गेले तेथे त्याने संशोधनाला विचारता येईल असा प्रश्न निर्माण केला. युकीच्या निवेदनातून 'कोळी' या नोंदीत कोण येते हे विचारता येते. मार्कोमुळे वयात येणाऱ्या मुलाच्या देहाकडे लक्ष जाते. खौफपूरच्या बहिष्कारामुळे माहिती कोणाच्या हाती पडते हे विचारावे लागते. आणि मोकारेल्ली यांच्या आकड्याने, गडचिरोलीच्या ९२ टक्क्यांनी समीक्षेच्या सवयीच्या वाचनाला अडवले, हेही तितकेच खरे आहे.

लिंग आणि लिंगभाव वेगळे मोजावेत ही मागणी आता संशोधनाच्या क्षेत्रातही मान्य होऊ लागली आहे. २०१६ साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. परंतु मार्गदर्शनाने एका रकान्याचे दोन रकाने होतील, एवढेच. दुसऱ्या रकान्यात काय लिहायचे, काम, अन्न, जतन, लाज, न सांगितलेली मुलगी यांपैकी काय, हे ठरवण्यासाठी त्या त्या समाजाच्या भाषेचे व कथनाचे ज्ञान लागेल. तुलनात्मक साहित्याने या कामात सहभागी व्हावयाचे तर आकड्यांना चेहरा देण्याची सवय सोडून, आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि तो प्रश्न कोणाला विचारला गेला, हे वाचायला शिकावे लागेल.